अँटिव्हायरसचा नंबर चौथा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत तळमजल्यावर घर, पुढच्या खोलीत डीटीपीचं काम: लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंकाची पानं. २०१७ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप, इंटेलचा सातव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, त्यावर विंडोज १०, तीही दुकानदाराने लायसन्सशिवाय ‘टाकून दिलेली’. त्याच मशीनवर मुलीचा बारावीचा अभ्यास चालतो आणि निवृत्त शिक्षक असलेल्या वडिलांचं नेटबँकिंगही. अँटिव्हायरसची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय, तर आता कोणता घ्यावा? आणि शेवटी एक ओळ: मित्राच्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या फाइल्स लॉक झाल्यात, डॉलरमध्ये पैसे मागतायत, त्याने काय करावं?

अँटिव्हायरस तुमच्या यादीत पहिला आहे, माझ्या यादीत चौथा. मी दुरुस्तीच्या धंद्यात आलो तेव्हा व्हायरस फ्लॉपीवरून पसरायचे आणि तेव्हा तो खरंच पहिला होता. आता घरगुती मशीनवरचं मोठं नुकसान बहुतेक वेळा तीन वाटांनी येतं. डिस्क मरते. घरातलंच कोणीतरी नको ती फाइल आपल्या हाताने चालवतं. किंवा फोनवरचा माणूस बोलण्यात गुंगवून ओटीपी काढून घेतो. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात अँटिव्हायरसला काही कामच नसतं. दुसऱ्यात असतं, पण नेमकं त्या वेळी आपणच त्याला बंद करून ठेवलेलं असतं. ते कसं, हे तुमच्या मित्राच्या भानगडीत दिसेल, म्हणून आधी त्याचं बोलू.

त्याच्या प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची एक टेक्स्ट फाइल पडली आहे का, ते त्याला विचारा. तीत ९८० किंवा ९९९ डॉलरची मागणी असेल, ७२ तासांत संपर्क केला तर निम्म्यात काम होईल असं आमिष असेल, आणि फाइलींच्या नावापुढे चार अक्षरांचं भलतंच शेपूट लागलं असेल, तर तो ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ नावाने ओळखला जाणारा रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, आहे. मोठ्या कंपन्या हे त्याचं गिऱ्हाईक नव्हे. तो घरगुती माणसांनाच गाठतो, आणि मुख्यतः पैशाचं सॉफ्टवेअर फुकटात चालवण्याच्या युक्त्यांमधून येतो: कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक (लायसन्सचं कुलूप तोडणारी फाइल), फोटोशॉपचा कीजेन (खोटा लायसन्स नंबर काढून देणारा प्रोग्रॅम), विंडोज ॲक्टिव्हेट करणारं छोटं टूल. त्या क्रॅकसोबत ज्या सूचना असतात त्यात पहिली ओळ ठरलेली असते, ‘आधी अँटिव्हायरस बंद करा.’ माणूस इमानदारीने बंद करतो आणि फाइलवर डबल क्लिक करतो. इथे पैसे भरून घेतलेला अँटिव्हायरसही काय करणार?

मित्राने लगेच करायच्या गोष्टी अशा. नेट तोडायचं. फॉरमॅट मारायचा नाही. आपल्याकडे काहीही झालं की ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणणारा कोणीतरी गल्लीत असतोच, त्याला दोन दिवस थांबवा. लॉक झालेल्या फाइल्स आणि ती रीडमी फाइल एका वेगळ्या डिस्कवर उचलून ठेवायची. मग दुसऱ्या मशीनवरून ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर जायचं. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये ते सुरू केलं. तिथे एखादी लॉक झालेली फाइल टाकली की कोणता रॅन्समवेअर आहे आणि त्यावर फुकट तोडगा आहे का, ते कळतं. ‘स्टॉप’च्या बाबतीत एक गंमत आहे. फाइली लॉक करताना त्याला आपल्या सर्व्हरशी बोलता आलं नाही, तर तो स्वतःच्या पोटातली तयार किल्ली वापरतो, आणि ती अनेक बळींना सारखीच असते. अशा वेळी फाइली उघडण्याची शक्यता असते. सर्व्हरशी बोलणं झालं असेल तर किल्ली प्रत्येकाची वेगळी, आणि आज तरी तिला उपाय नाही. तरीही त्या फाइली फेकायच्या नाहीत. काही टोळ्या पुढे पकडल्या जातात, किल्ल्या बाहेर येतात. शिवाय हा प्रकार फाइलचे सुरुवातीचे दीडशे केबीच लॉक करतो, त्यामुळे लग्नाच्या मोठ्या व्हिडिओंचा बराच भाग दुरुस्तीच्या टूलने परत मिळू शकतो. लहान वर्ड फाइली मात्र अख्ख्या गेलेल्या असतात.

पैसे भरावेत का? माझं मत नाही. ‘हमखास उघडून देतो’ अशा जाहिराती करणाऱ्यांच्याही नादी लागू नका. आणि मित्राला एक गोष्ट आज रात्रीच सांगा. या रॅन्समवेअरबरोबर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्रॅमही अनेकदा येतो. त्यामुळे ईमेल, बँक, फेसबुक, सगळे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदलायचे. लॉक झालेल्या फाइलींच्या दुःखात हे राहून जातं आणि महिन्याभराने ईमेल खातंही हातचं जातं.

आता तुमच्या घराकडे येऊ. माझ्या यादीत पहिला नंबर बॅकअपचा, म्हणजे फाइलींच्या वेगळ्या ठेवलेल्या प्रतींचा. उद्या सकाळी बटण दाबलं आणि मशीन सुरूच झालं नाही, तर काय काय जाईल, याची यादी वडील, मुलगी आणि तुम्ही बसून करा. तुम्ही लिहिलंय की ‘बॅकअप आहे, डी ड्राइव्हला घेतो.’ हे मी इतक्या घरांत ऐकलंय की आता हसूही येत नाही. सी आणि डी हे एकाच डिस्कवर पाडलेले दोन भाग. डिस्क मेली की दोन्ही जातात, रॅन्समवेअर आला की दोन्ही लॉक होतात. डी ड्राइव्हचा उपयोग एवढाच की विंडोज पुन्हा टाकताना तो भाग वाचतो, तोही टाकणाऱ्याचा हात चुकला नाही तर. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हला फोल्डर जोडलाय म्हणून निर्धास्त असणारेही भेटतात. ते बरं आहे, पण ती जुळणी आहे: इथे फाइल बिघडली की तिथेही बिघडते, इथे उडवली की तिथेही उडते. गूगलच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, आणि त्याच्या आत लक्षात आलं तरच उपयोग. मुलीने जागा करायला म्हणून उडवलेला २०१५ चा फोटोंचा फोल्डर कोणाच्या लक्षात कधी येतो? साधारण पुढच्या बारशाला किंवा साठीशांतीला, जेव्हा जुने फोटो लागतात तेव्हा.

पीटर क्रो नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला एक हिशेब आमच्या धंद्यात सगळे मानतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. मी घरगुती गिऱ्हाइकाला यात एकच भर घालायला सांगतो. त्यातली एक प्रत कशालाही जोडलेली नसावी.

न जोडलेल्या प्रतीची किंमत काय, हे जगातल्या सगळ्यात मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एकीला २७ जून २०१७ रोजी कळलं. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा डेटा नष्ट करणारा व्हायरस पसरला आणि काही तासांत या कंपनीचं, मर्स्कचं, जगभरचं नेटवर्क झोपलं. आपल्या न्हावा-शेवाला त्यांच्या समूहाचं जे टर्मिनल आहे, तिथलंही काम ठप्प झालं, बाहेर कंटेनरच्या ट्रेलरची रांग लागली. कोणाला कुठल्या मशीनवर शिरू द्यायचं याची नोंद ठेवणारे त्यांचे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते. ते एकमेकांची नक्कल ठेवत, म्हणून वेगळ्या बॅकअपची गरज कोणाला वाटली नव्हती. सगळे एकाच वेळी पुसले गेले. वाचला तो फक्त घाना देशातल्या कार्यालयातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली असल्याने तो नेटवर्कपासून तुटलेला होता. त्या एका डिस्कवरून कंपनी पुन्हा उभी राहिली. एकमेकांना कायम जोडलेल्या प्रती संकटातही बरोबरच बुडतात.

तेव्हा तुम्ही दोन पोर्टेबल हार्ड डिस्क घ्या, प्रत्येकी दोन टीबी पुरेत. पेनड्राइव्ह नको. स्वस्तातले तर नकोच, ६४ जीबी लिहिलेल्यात आत ८ जीबी निघालेले पाहिलेत. एसएसडी, म्हणजे फिरणाऱ्या प्लेटऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, तीही या कामाला नको, कारण ती महिनोन्‌महिने विजेशिवाय कपाटात पडून राहिली तर आतला डेटा विरू शकतो. फिरणाऱ्या प्लेटची साधी डिस्क अजून या कामाला चांगली. फक्त तिला पडू द्यायचं नाही.

पहिली डिस्क घरी. शनिवारी संध्याकाळी लावायची, बॅकअप झाला की ‘इजेक्ट’ करून काढायची आणि कपाटात ठेवायची. विंडोज १० मध्ये ‘फाइल हिस्टरी’ आहे, तीच वापरा, ती फाइलीच्या जुन्या आवृत्त्याही ठेवते. पण एक खाच आहे. ती आपण होऊन फक्त डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे ठरावीक फोल्डर घेते. तुमचं सगळं काम डी ड्राइव्हवर, म्हणजे ते फोल्डर ‘मोअर ऑप्शन्स’मध्ये जाऊन हाताने जोडले नाहीत तर तुम्ही वर्षभर इमानेइतबारे रिकामा बॅकअप घेत राहाल.

दुसरी डिस्क घराबाहेर. तुम्ही सांगलीचे, तुम्हाला ऑगस्ट २०१९ चा पूर मी काय सांगावा. चिपळूण, महाडला २०२१ च्या जुलैत तेच झालं. तळमजल्यावरचे कॉम्प्युटर गेलेच, पण त्याच टेबलाच्या खणात ठेवलेल्या बॅकअपच्या डिस्काही चिखलातून निघाल्या. तुमची बहीण पुण्याला असते असं लिहिलंय, उत्तम. ती राखीपौर्णिमेला आणि भाऊबीजेला येते तेव्हा डिस्कांची अदलाबदल करा. काही महिन्यांपूर्वीची का होईना, एक अख्खी प्रत कृष्णेपासून लांब राहते. मधल्या काळातल्या चालू कामापुरता गूगलचा फुकट १५ जीबीचा कोटा वापरा. तीन प्रतींचा हिशेब त्यात बसतो.

डिस्क दुसऱ्याच्या घरी जाणार तर ती कुलूपबंद करावी का? पुस्तकी उत्तर होय. माझं उत्तर: फोटोंना कुलूप घालू नका. घरच्या फोटोंची चोरी झालेली फार पाहिली नाही, पण घातलेल्या कुलपाचा पासवर्ड विसरून कायमचे गेलेले फोटो पाहिलेत. बँकेची कागदपत्रं, आधार, पॅन, इन्कम टॅक्सचे कागद मात्र एका फोल्डरात घालून सेव्हन-झिप या प्रोग्रॅमने पासवर्ड लावून ठेवा आणि तो पासवर्ड घरातल्या दुसऱ्या माणसालाही माहीत असू द्या.

बॅकअप घेतला की एकदा शेजाऱ्याच्या लॅपटॉपला ती डिस्क लावून दहा-बारा फाइली उघडून बघा. तुमच्या कामात तर हे फारच गरजेचं, कारण डीटीपीवाल्याचा डेटा म्हणजे नुसत्या फाइली नव्हेत. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये केलेलं काम युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा अक्षरांत, नसतं. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तुमची स्मरणिका उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसेल. फाइल शाबूत, मजकूर गायब. म्हणून फॉन्टचा फोल्डर, सॉफ्टवेअरची सेटअप फाइल आणि लायसन्सचा नंबर हेही बॅकअपमध्ये हवं. डाँगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी मशीनला लावून ठेवायचा लायसन्सचा तुकडा) असेल तर तो हरवला किंवा जळला तर कंपनीकडून बदलून कसा मिळतो ते आत्ताच विचारून ठेवा, ऐन दिवाळी अंकाच्या हंगामात नको. संपलेल्या प्रत्येक कामाची फॉन्ट आत घातलेली पीडीएफ ठेवा. प्रेसला देताना कोरलची फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करून, देता, ते ठीक, पण बरेच जण कर्व्ह केलेलीच तेवढी सेव्ह करतात आणि पुढच्या वर्षी पत्रिकेतली फक्त नावं बदलायची म्हटली की अख्खा मजकूर पुन्हा टाइप करत बसतात. कर्व्ह न केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा.

दुसरा नंबर विंडोजचा. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे मशीन बंद पडत नाही, पण सापडलेली भोकं बुजवली जात नाहीत. घरगुती वापरासाठी त्यांनी एक वर्षाची वाढीव मुदत जाहीर केली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नोंदणी करावी लागते. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे अधिकृतपणे चालते, तुमचा सातव्या पिढीचा आय-थ्री एका पायरीने हुकला. आडवाटेने टाकून देणारे आहेत, पण पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. मी धंद्याच्या मशीनवर ते करत नाही.

‘टाकून दिलेल्या’ विंडोजचा खरा तोटा कायद्याच्या पलीकडचा आहे. ॲक्टिव्हेशन बिघडू नये म्हणून टाकणारा बहुतेकदा अपडेट बंद करून ठेवतो आणि विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसला, डिफेंडरला, त्या ॲक्टिव्हेटरकडे काणाडोळा करायला सांगतो. दोन्ही कवाडं उघडी. ‘वॉनाक्राय’ हा रॅन्समवेअर आठवतो? १२ मे २०१७ रोजी तो जगभर पसरला, आंध्र प्रदेश पोलिसांचेही कॉम्प्युटर त्यात अडकले. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेला होता. दोन महिने हातात होते.

तुम्हाला मी सुचवतो ते असं. डीटीपीचं मशीन आहे तसं ठेवा, पण त्याचं नेट कायमचं काढा. वाय-फायचा डाँगल असेल तर उपटून ठेवा. कोरल, पेजमेकर, श्रीलिपीला नेट लागत नाही. नेटच्या कामासाठी आठव्या पिढीपुढचा, खऱ्या लायसन्सचा सेकंडहँड लॅपटॉप घ्या. एखादा जुना लॅपटॉप घरात पडून असेल तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका. मुलीची लेक्चर, ईमेल, पीडीएफ बघणं एवढ्याला ते भरपूर झालं, मराठी टायपिंगही होतं. कोरल त्यावर चालत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मग प्रेसशी देवाणघेवाण कशी करायची? पेनड्राइव्हने, आणि इथेच ‘शॉर्टकट व्हायरस’ येतो. प्रेसच्या किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या मशीनला पेनड्राइव्ह लावून आणला की आतल्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसतात. लोक घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट करतात, त्याची गरज नसते. फाइली तिथेच असतात, फक्त लपवलेल्या. त्या शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की मात्र तो तुमच्या मशीनवर उतरतो. प्रेसमधून परत आलेला पेनड्राइव्ह आधी लिनक्सवाल्या लॅपटॉपला लावा. तिथे विंडोजचे शॉर्टकट चालत नाहीत आणि लपवलेल्या फाइली दिसतात. हव्या त्या उचलायच्या, पेनड्राइव्ह तिथेच पुसायचा, मग डीटीपीच्या मशीनला. आणि विंडोजमध्ये एक खूण आजच करा: फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’. मुळात ही शेपटं लपलेली असतात, त्यामुळे ‘पत्रिका डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही फाइल तुम्हाला ‘पत्रिका डॉट पीडीएफ’ अशी साळसूद दिसते.

लॅपटॉप नवा विंडोज ११ चा घेतलात तर एक सावधगिरी. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने तो सुरू केला की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होते. चोरीला गेला तर चांगलंच आहे. पण उद्या कोणी बायॉस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) अपडेट केला किंवा मदरबोर्ड बदलला, की निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. मात्र ते खातं दुकानदाराने दुकानातच, स्वतःच्या मनाने काढून दिलेलं असतं आणि त्याचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो. माझ्याकडे येणाऱ्या ‘डेटा गेला’ तक्रारींत हा प्रकार गेल्या काही वर्षांत वाढत चाललाय, आणि इथे कुठलीही लॅब काही करू शकत नाही. खातं स्वतः काढा, ४८ आकडे कागदावर लिहा, कागद रेशनकार्डाच्या फाइलीत ठेवा.

तिसरा नंबर खात्यांचा, आणि त्यातही सगळ्यात आधी ईमेलचा. ईमेल ज्याच्या हातात, त्याच्या हातात बाकी सगळं, कारण प्रत्येक ठिकाणचा ‘पासवर्ड विसरलात?’ तिथेच येऊन पोचतो. त्याचा पासवर्ड लांब आणि इतर कुठेही न वापरलेला हवा. तीन-चार असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले तरी चालतं. दर महिन्याला बदलायची गरज नाही. तशी सक्ती केली की लोक शेवटी १, २, ३ लावत बसतात. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डानंतर दुसरी खूण मागणारी सोय) लावा आणि गूगल जे १० बॅकअप कोड देतं ते छापून ठेवा, फोन हरवला तर तेच कामाला येतात. बाकीच्या पासवर्डांसाठी बिटवॉर्डनसारखं फुकट ॲप आहे. वडिलांना ते जमणार नसेल तर वही. हो, साधी वही. घरातल्या कपाटातली वही रशियातल्या चोराला वाचता येत नाही.

ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवू नका. का, ते मित्राच्या प्रकरणात आलंच. अलीकडे त्याच चोरीची नवी युक्ती निघाली आहे. एखाद्या पानावर ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ येतं, आणि खाली पायऱ्या असतात: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. एवढ्याने तुम्ही स्वतःच चोराची आज्ञा आपल्या मशीनवर चालवलेली असते. मुलीला हे नक्की दाखवा, फुकटच्या नोट्स शोधताना असली पानं समोर येतात. खरा कॅप्चा कधीही कीबोर्डवरून असलं काही करायला सांगत नाही. आणि ही चोरी लॉग-इन झालेलं सत्रच उचलून नेते, त्यामुळे ओटीपी असूनही खातं जाऊ शकतं.

वडिलांचं नेटबँकिंग या मशीनवरून आजपासून बंद. क्रॅक केलेल्या विंडोजवर पेन्शनचं खातं उघडायचं, हे मला पटत नाही. त्यांच्या स्वतःच्या फोनवर बँकेचं अधिकृत ॲप ठेवा, आणि पेन्शनच्या खात्यातून महिन्याच्या खर्चापुरते पैसे दुसऱ्या छोट्या खात्यात वळवून फक्त तेवढंच खातं ऑनलाइन ठेवा. मोठी रक्कम ऑनलाइन पोचण्याबाहेर ठेवली की चुकीची किंमतही लहान राहते.

त्यांच्याकडे येणारे सापळे साधारण ठरलेले आहेत. ‘हयातीचा दाखला अपडेट झाला नाही, पेन्शन थांबेल.’ ‘लाइट बिल भरलं नाही, आज रात्री साडेनऊला कनेक्शन तोडू.’ ‘मुंबई पोलिसांकडून बोलतोय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही.’ डिजिटल अरेस्ट नावाची कुठलीही गोष्ट भारतीय कायद्यात नाही, हे वाक्य त्यांना पाठ असू द्या. यातल्या पुष्कळशा फोनचा शेवट ‘एक छोटं ॲप टाका’ असा होतो. ते असतं एनीडेस्कसारखं, पडदा दुसऱ्याला दाखवणारं. ते ॲप मुळात खोटं नाही, आम्ही दुरुस्तीला वापरतो. म्हणूनच अँटिव्हायरस त्याला अडवत नाही. रिझर्व्ह बँकेने त्याबद्दल २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. आणि तुमच्या धंद्याशी संबंधित एक: व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल (फोनवर ॲप बसवणारी फाइल) पाठवायची टूम निघाली आहे. गिऱ्हाइकांना सांगून ठेवा की आमची पत्रिका पीडीएफ किंवा फोटोच असते.

पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, लगेच, लाज न बाळगता. त्याच वेळी बँकेलाही कळवायचं आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्यायचा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर लेखी तक्रारही करायची. रक्कम पुढच्या खात्यांतून काढली जायच्या आत फोन गेला तर ती गोठवता येते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा प्रकरणात कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलंत तर तुमची जबाबदारी शून्य. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचं नुकसान तुमचं, त्यानंतरचं बँकेचं. वडिलांना रागावू नका. रागाच्या भीतीने लपवलेले दोन दिवस इथे सगळ्यात महाग पडतात.

आता चौथा, अँटिव्हायरस. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर आता चांगला आहे, स्वतंत्र चाचण्यांत पैसेवाल्यांच्या बरोबरीने गुण घेतो. नेटवाल्या लॅपटॉपवर तोच ठेवा. त्यातलं ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ सुरू करा, म्हणजे अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या फोल्डरांत लिहिता येत नाही. सुरुवातीला एखादं ओळखीचं सॉफ्टवेअरही अडवेल, त्याला परवानगी द्यावी लागेल. मुलीसाठी ॲडमिनिस्ट्रेटर नसलेलं ‘स्टँडर्ड’ खातं करा. पैसे भरून पुण्याच्या क्विक हीलसारखं काही घ्यायचंच असेल तर घ्या, फोनवर मराठीत बोलणारा माणूस मिळतो याचीही किंमत असते. पण दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका, मशीन गोगलगाय होतं.

राउटरचं लवकर उरकतो: त्याच्या सेटिंगचा ‘ॲडमिन-ॲडमिन’ पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्डाशिवाय बटण दाबून वाय-फाय जोडायची सोय) बंद करा, झालं. विजेचं मात्र करून घ्या. वायरमनकडून अर्थिंग तपासा. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या पिनेला आत काहीच जोडलेलं नसतं. वळवाच्या पावसात कडाडायला लागलं की यूपीएसच्या भरवशावर बसू नका, प्लग काढा, आणि बॅकअप चालू असेल तर तोही थांबवून डिस्क काढा.

डीटीपीचं मशीन कधीतरी निवृत्त होईल तेव्हा ते एक्स्चेंजमध्ये तसंच देऊ नका. विंडोजचा लॉग-इन पासवर्ड डिस्कचं रक्षण करत नाही. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की सगळं वाचता येतं, आणि डिलीट केलेलंही फिरणाऱ्या डिस्कवरून बहुतांशी परत काढता येतं. ‘रीसेट धिस पीसी’मध्ये सगळं काढून टाकायचा पर्याय घ्या आणि त्यात ‘क्लीन डेटा’ सुरू करा. काही तास लागतील, रात्री लावून ठेवा. डिस्क चालतच नसेल तर ती मशीनबरोबर द्यायची नाही. स्क्रू काढून आतल्या प्लेटवर खोल ओरखडे पाडा आणि मग भंगारात टाका. काही प्लेट काचेच्या असतात, तेव्हा जाड फडक्यात गुंडाळून घ्या.